गरिबातलं गरीब घर

पळसदरीच्या देवळापुढं सभा भरली होती. सरकार गरिबातल्या गरीब पाच घरांना म्हैस देणार होतं, आणि ती घरं गावानंच निवडायची, असं ग्रामसेवक सांगत होते. म्हैस म्हटल्यावर काय विचारता! एरवी कडक टोपी घालून मिरवणारेही त्या दिवशी फाटका सदरा शोधून आले होते.

गोदूबाई बायकांत मागं बसली होती. नवरा गेल्यापासून दुसऱ्याच्या शेतावर लावणी-कापणी करून दिवस ढकलत होती. म्हैस तिला हवीच होती. पण नेमका आजच खोपोलीहून पाहुणा आला होता, तिच्या मैनाला मागणी घातलेल्या मुलाचा मामा. सभा उरकली की तिच्याकडंच जेवायचं म्हणून तो पुरुषांत टेकला होता.

शेजारचा मोरू उठला. माणूस भला, पण कुठं काय बोलावं याचा पोच नाही. "पयलं नाव गोदूबाईचं लिवा. पौष सरला की तिच्या घरात दाणा नसतो. कण्या मागायला आमच्याच दारात येते."

"खरं हाय, खरं हाय," माणसं म्हणाली.

मामानं मान वळवून बघितलं. गोदूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती ताडकन उठली. "मोऱ्या, तुझ्या तोंडात माती पडो! माझ्या घरात भात पुरून उरतो. नको मला कुणाची म्हैस!"

ग्रामसेवकांनी पुन्हा विचारलं. ती नाहीच म्हणाली. मग तिच्या जागी गजाचं नाव आलं. गजाच्या घरावर कौलं होती, पण तो कशाला बोलतोय!

घरी मामा उसन्या तांदळाचा भात पोटभर जेवला. पान लावता लावता म्हणाला, "बाई, तुमची ओढाताण हाय असं ऐकलं होतं, म्हणून नारळ नि मुलगी द्या म्हणालो. आज कळलं, घर भरलेलं हाय. मंग पोराला सायकल नि घड्याळ तरी द्यायला पायजे."

मैना चुलीपाशी बसून ऐकत होती. गोदूबाईला स्वतःचाच राग आला. मग लेकीकडं न बघता तिनं पदर पसरला. "भाऊ, मोरू बोलला तेच खरं. मी लई गरीब हाय."

मामा हसला. "आता कशाला वो, बाई? साऱ्या गावादेखत तुमीच सांगितलंत की."