स्वस्त गावातली नर्स

कोविडच्या दुसऱ्या वर्षी पश्चिम ऑस्ट्रेलियाने सीमा बंद ठेवल्या, पण खाणी जोरात चालू राहिल्या. पूर्वी विमानाने ये-जा करणारे खाणकामगार कालगुर्ली या खाणींच्या गावातच मुक्काम ठोकून बसले आणि करुणाच्या घरमालकाने भाडं राजधानी पर्थच्या बरोबरीला नेऊन ठेवलं.

करुणा मूळची नागपूरची. नवरा स्वप्निल इथल्या शाळेत शिकवायचा. ती एका खाजगी कंपनीच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं नर्स होती. तिने पगारवाढ मागितली, तेव्हा एरिया मॅनेजर संजीवने पर्थहून व्हिडिओ कॉल लावला. संजीव पुण्याचा, त्यामुळे त्याने समजूत मराठीतून काढली.

"बघ करुणा, पगार एरियाप्रमाणे ठरतो. पर्थ महाग आहे, म्हणून तिथे जास्त. कालगुर्लीला राहणं स्वस्त."

"स्वस्त? तू इथे कधी भाजी घेतली आहेस?"

"मी नाही गं ठरवत. त्याचं टेबल असतं, गावागणिक पगारांचा तक्ता. कन्सल्टंटने केलंय."

"तो आला होता इथे?"

"कसा येणार? लॉकडाउन होता."

करुणाने कॅमेरा बंद केला. समोरच्या माणसाला आपला चेहरा दिसावा एवढी त्याची लायकी नाही, असं तिला वाटलं.

त्याच महिन्यात वॉर्डात तात्पुरत्या नर्स पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत वीणा आली. तिला कंपनीने फर्निचरसकट घर दिलं, विमानभाडं दिलं आणि करुणाच्या जवळजवळ दुप्पट पगार. कंपनीच्या हिशेबात स्वस्त असलेलं गाव वीणासाठी एकदम दुर्गम, म्हणून जादा पैशांचं झालं होतं.

पहिल्याच दुपारी चहा घेताना करुणाने विचारलं, "आधी कुठे होतीस?"

"जेराल्डटनला, तिकडे लांब समुद्रकिनाऱ्यावर. आपल्याच कंपनीचं हॉस्पिटल. तिथेही पगार वाढवेनात, म्हणून सोडलं."

"मग तुझ्या जागी कोण?"

"कोणीच नाही. एजन्सीकडे माणूस मागताहेत."

करुणा मोठ्याने हसली. शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर वळून बघायला लागले. दुसऱ्या दिवशी तिने राजीनामा दिला आणि एजन्सीला फोन लावला.

संजीवचा कॉल लगेच आला. "आपण एक फॅमिली आहोत, करुणा. पँडेमिकमध्ये असं सोडून जायचं?"

"घरच्या माणसाला कमी आणि पाहुण्याला दुप्पट, अशी फॅमिली मी दुसरीकडे पाहिली नाही."

ती जेराल्डटनला वीणाच्या रिकाम्या जागेवर रुजू झाली. काम तेच होतं, गणवेशावरचं चिन्हही तेच. एकच कंपनी दोन नर्सना एकमेकींच्या गावात नेऊन दोघींचं घरभाडं भरत होती, आणि हा खर्च वाचवण्यासाठी नेमलेला माणूस पर्थला बसून आणखी पगार घेत होता. करुणाला हसू यायचं, पण रोज संध्याकाळी कालगुर्लीत स्वप्निलजवळ राहिलेली लेक सावनी फोनवर "आई, व्हेन आर यू कमिंग होम?" विचारायची, तेव्हा ते हसू मावळायचं. आणि राग या बावळटांवरच यायचा. त्यांना आपल्या मूर्खपणाची किंमत मोजावी लागत नव्हती, ती मोजत होती सावनी.

एजन्सीचा करार संपत आला तसा संजीव पुन्हा उगवला.

"जेराल्डटनला पर्मनंट हो ना. पगार तिथल्या टेबलाप्रमाणे. थोडा कमी आहे, पण समुद्र आहे, लाइफस्टाइल आहे."

"समुद्राने भाडं भरतोस का तू?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता फोन ठेवला.

मग तिने एजन्सीला सांगितलं, पुढचं काम कालगुर्लीला मिळतंय का बघा. आठवड्यात मिळालं, त्याच वॉर्डात. कंपनीने तिला फर्निचरवालं घर देऊ केलं. तिने ते नाकारलं, एजन्सीचा दुप्पट पगार घेतला आणि आपल्या घरी झोपायला गेली.