मागचं गेट

तुळशीराम काल्हेरचा जमीनवाला. जमीन आता गोदामांच्या पोटाखाली गेली होती आणि भाडं दर महिन्याला आपल्या पायांनी चालत बँकेत येत होतं. तीन मजली बंगला, दारात दोन गाड्या. अशा माणसानं शेजारच्या पूर्णा गावातल्या एका गोदामावर वॉचमनची नोकरी धरली होती, आणि तीही चोरून. घरी सांगायचं, देवळात पोथीला चाललो. पिशवीत पोथीखाली निळा शर्ट. ठेकेदार भावेशला त्यानं सांगितलं होतं, मी मुरबाडकडचा, पोटासाठी आलोय. मुरबाड खोटं होतं. पोटही खोटंच, पण ज्यासाठी आला होता त्याला त्याच्याकडे शब्द नव्हता.

शेत गेल्यापासून तो पहाटे सवयीनं उठायचा आणि खाटेच्या काठावर पाय सोडून बसायचा. उठून करायचं काय? अंगणात खराटा घेतला तर मुलगा म्हणे, "ऱ्हाऊ द्या बाबा, माणूस हाय त्याला." घरात प्रत्येक कामाला माणूस होता. मागल्या वर्षी एकदा तो खाडीत छातीभर पाण्यात जाऊन उभा राहिला. एका कोळ्यानं ओढून काठावर आणला. भरती बघत होतो, असं तो घरी म्हणाला. बायकोनं, कमळनं, ऐकून घेतलं. विश्वास ठेवला नाही.

गेटवर मात्र तो माणसात आला. भला थोरला ट्रक यायचा, धूळ उडवत थांबायचा, आणि ड्रायव्हर वरून ओरडायचा, "चाचा, खोलो ना! सो गये क्या?" तुळशीराम मुद्दाम जरा सावकाश उठायचा. दोरी सैल सोडली की आडवा दांडा वर जायचा. तोवर एवढं धूड त्याच्यावाचून अडून राहायचं. त्या अडण्यावर त्याचा दिवस निघायचा.

मग एके दिवशी पांढरी गाडी आली. त्यानं दांडा वर केला, सवयीनं सलाम ठोकला, आणि काचेआड भाविक दिसला. त्याचाच मुलगा. टँकरच्या पाण्याचा ठेका मागायला आला होता. भाविकनं बापाकडे बघितलं, निळ्या शर्टाकडे बघितलं, आणि अर्धी उघडी काच वर करून घेतली.

त्या संध्याकाळी बंगल्यात आवाज चढले.

"घराला एसी लावलाय, आन् तुमी उन्हात दांडा वर करताव! तुमच्या पोरीचा, रुचिकाचा साखरपुडा तोंडावर आलाय. व्याही काय बोलतील, वॉचमनची पोर केली?"

"कुनी वळखत न्हाय मना तिथं."

"मी वळखलं ना! काय कमी हाय तुमाला?"

तुळशीराम म्हणाला, "जाऊ दे मना, भाविक. पाया पडतो तुज्या." आणि खरंच वाकला. भाविक दचकून मागे सरला. कमळनं नवऱ्याला धरून बसवलं आणि मुलाला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. बराच वेळ ती काहीतरी बोलत होती. खाडी, एवढा एक शब्द तुळशीरामला ऐकू आला.

सकाळी त्याला कुणी अडवलं नाही. गोदामावर भावेश हसून म्हणाला, "काका, बदली झाली तुमची. मागच्या गेटला. तिकडे खात्रीचा माणूस पाहिजे."

खात्रीचा माणूस! तुळशीरामनं निळा शर्ट ओढून नीट केला. मागे खाडीच्या बाजूला लोखंडी गेट होतं, नवा हिरवा रंग दिलेलं. शेजारी नवी खुर्ची. तो खुर्चीत बसला नाही. पहिल्या दिवशी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यानं पुढचं गवत उपटलं, दगड वेचले, गाडीला वळायला जागा केली. संध्याकाळी भाविक स्वतःहून विचारायचा, "काय बाबा, काम कसं काय?" वर्षानुवर्षं असं कुणी विचारलं नव्हतं. "हाय बरं," तुळशीराम म्हणायचा. "माल यायचा हाय आजून."

आठवडा गेला. गाडी येईल तेव्हा गेट कुरकुरायला नको म्हणून तो घरून तेलाची बाटली घेऊन आला. बिजागऱ्यांत तेल सोडलं आणि गेट ढकललं. हललं नाही. खांदा लावला. हललं नाही. मग त्यानं दोन फळ्या जुळतात तिथून बोट फिरवलं. रंगाखाली वेल्डिंगचा जाड वळ होता, वरपासून खालपर्यंत.

मागून झाडूवाली ठकुबाई हसली. "काय बाबा, त्याला त्याल पाजताव? ते तं मी कामाला आले तवापास्नं झाळलेलं हाय. पल्याड निस्ता चिखल." मग त्याचं तोंड बघून तिनं हसणं गिळलं. "तुमाला सांगला न्हाय कुनी?"

तो भावेशकडे गेला. भावेशनं आधी इकडचं तिकडचं सांगितलं, मग कंटाळून म्हणाला, "काका, माझ्यावर कशाला चिडता? तुमच्या मुलानंच सांगितलं, बापाला मागे बसवा, कुणाला दिसू देऊ नका. पगार तोच देतो तुमचा. खुर्चीही त्याचीच. नशीब काढलंत, असा मुलगा कुठे मिळतो?"

तुळशीराम परत हिरव्या गेटापाशी आला आणि सुट्टी होईपर्यंत उभा राहिला. घरी भाविकनं विचारलं, "काय बाबा, आली का गाडी?"

"उद्या येल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पोथी नव्हती. गोणपाटात गुंडाळून त्यानं पहार आणली होती, बांध घालताना वापरायचा ती, गंजलेली. वेल्डिंगच्या वळावर त्यानं ती घातली. ठण् आवाज झाला, पहार उसळली, हातात कळ गेली. पुन्हा घातली. रंगाचे पोपडे उडाले. ठकुबाई धावत आली. "अवो बाबा, सोडा ते! नोकरी जाल!" गोदामातली माणसं जमली, कुणीतरी मोबाइल वर धरला. "चाचा पागल हो गया." भावेश ओरडून दमला आणि त्यानं भाविकला फोन लावला.

भाविक आला तोवर वेल्डिंगचा वरचा एक टाका तुटला होता आणि तुळशीरामच्या तळव्यातलं रक्त पहारीला लागलं होतं.

"बाबा, काय करताव?"

"गेट खोलतो."

"पल्याड कायच न्हाय, बाबा. चिखल हाय."

"म्हायती हाय मना. गेट हाय तं खोलाया नको?" तो भाविककडे वळला. "येक डाव खोलू दे. मंग घरी बसतो. तू सांगशील तिथं बसतो."

भाविकचे डोळे भरले होते. तो बाजूला झाला आणि तुळशीरामनं पुन्हा पहार उचलली. हा घाव नीट बसणार होता. पाय रोवले होते, फट दिसत होती.

तेवढ्यात मागून भाविकचा हलका, समजुतीचा आवाज आला. तो भावेशला सांगत होता, "तोडू दे त्यांना. बरं वाटल. सांजच्याला परत झाळून घे, मी देतो खर्च. रोज तोडलं तरी चालल."

तुळशीरामची पहार वर होती. ती त्याला खाली आणता येईना.