जर्दाळूच्या रंगाचं मेपल

ते रोप मला पन्हळीखालच्या शेवाळात सापडलं. आंग्यो गावातल्या आमच्या रोपवाटिकेत मेपलचं बी वाऱ्याने कुठेही पडतं आणि दर वसंतात त्याची ढीगभर रोपं मी तण म्हणून उपटते. याच्यापाशी मात्र हात थांबला. पानं जर्दाळूच्या रंगाची, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसावा.

"होईल हिरवं," यासुहेई, म्हणजे आमचे हे, म्हणाले. "असली सोंगं फार पाहिलीत मी."

नाही झालं. वर्षं गेली, रंग तसाच राहिला. एप्रिलात मी चहा घेऊन त्याच्यापाशी बसायची. पानांतून ऊन गळायचं. माझे हात, चहा, समोरची भिंत, सगळं जर्दाळू होऊन जायचं. मी कुठे आहे तेच कळायचं नाही.

"आज पुन्हा भात करपला?"

"झाडाला विचारा."

मग ह्यांनाच त्याचं वेड लागलं. "कलमं करू, ताझुको. कापून दुसऱ्या मुळावर जगलं, रंग टिकला, तरच नवा वाण. नाहीतर नुसतं एक झाड."

"आणि नाही जगलं तर?"

 आमच्या रोपवाटिकेतलं प्रत्येक झाड सासऱ्यांनी नाहीतर ह्यांनी केलेलं. माझं असं हे एकच. मी नाही म्हटलं. पुढच्या थंडीतही नाहीच म्हटलं.

"मुरांब्यासारखं मुरवत ठेवणार आहेस का त्याला?" हे चिडून म्हणाले.

त्यानंतरच्या थंडीत खोड बुंध्याकडून काळं पडू लागलं. मेपलचा हा रोग आम्हाला पाठ आहे. त्यावर औषध नाही. ह्यांनी चाकूला धार लावली आणि मूठ माझ्याकडे करून समोर ठेवला.  वर अजून हिरव्या असलेल्या काड्या मी एकेक करून कापल्या. मोठ्याने रडले, लाज वाटली नाही. ह्यांनी त्या काड्या साध्या मेपलच्या मुळं धरलेल्या खुंटांवर बांधल्या. मागे उरलेलं खोड मार्चमध्ये वाळून गेलं. मी ह्यांच्याशी बोलणंच सोडलं, जसा काही रोग ह्यांनीच आणला होता.

एप्रिलात एका सकाळी काचघरातून हाक आली. "अगं, ये लवकर!"

कलमांवर पानं उलगडली होती. ह्यांच्या सुरकुतल्या गालावर त्या पानांचा जर्दाळू उजेड हलत होता.

"लेकरं तरी वाचली त्याची," मी म्हटलं. किती दिवसांनी मी ह्यांच्याशी बोलत होते.

"लेकरं बियांची होतात, वेडे. कलम म्हणजे लेकरू नव्हे. हे तेच आहे."

मी पानाला बोट लावलं. तेच होतं. इतके दिवस मी ज्याचं सुतक धरलं, ते इथे कुंड्याकुंड्यांतून जिवंत उभं होतं.

"पुढच्या थंडीत आणखी कापू," मी म्हटलं.