मिरेकच्या नावावर काही नाही

मिरेक गावलिकच्या नावावर काहीच नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना पाठ होतं. व्हॅन आईच्या नावावर, गॅरेज आईच्या नावावर, टाइल कापायचं यंत्रसुद्धा आईच्याच नावावर. गावातल्या निम्म्या बाथरूमच्या टाइल्स त्याच्या हातच्या, माझ्याही. पण वसुली अधिकारी दारात आला की मिरेक बेकार, वर पाठदुखीने बेजार. घटस्फोटाच्या वेळी कोर्टाने लेकीसाठी पोटगी ठरवून दिली होती. दोन वर्षं झाली, त्यातला एक झ्लॉटी त्याच्या खिशातून बाहेर पडला नव्हता.

लेक कोर्नेलिया, नऊ वर्षांची. तिची आई झानेता बेकरीत पहाटेची पाळी करते आणि माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. भाडं थकलं. घरमालकाने बजावलं, जूनअखेर सगळं द्या, नाहीतर खोल्या रिकाम्या करा. तेव्हा कुठे झानेताने पोलिसांत तक्रार दिली. आमच्याकडे लेकराची पोटगी बुडवणं हा गुन्हा आहे. वर्षभर आत बसावं लागू शकतं. मात्र कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. पहिल्या चौकशीपासून तीस दिवसांत सगळी थकबाकी भरली, तर शिक्षा माफ.

मे महिन्याच्या सुरुवातीला चौकशी झाली. पोलीस ठाण्याच्या पायरीवरच मिरेक झानेताला म्हणाला, "नंग्याला कोण लुटणार, सांग!"

"नंगा आहेस तर हे नवंकोरं जॅकेट कुणाचं?"

"हे? हे आईचं आहे."

दोनच आठवड्यांनी कोर्नेलियाच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादाचा सोहळा आला. त्या दिवशी पोरींना पांढरे झगे घालतात. आदल्या दिवशी घरची मोठी माणसं रांग लावून फादरपुढे पापं कबूल करतात, म्हणजे सकाळी पोरीबरोबर सगळ्यांना प्रसाद घेता येतो. चर्चमधून थेट हॉटेलात जेवायला. तिथे देव मागे राहतो आणि कुणी काय भेट दिली याची मोजदाद सुरू होते. झानेताचा भाऊ राडेक म्हणजे पोरीचा धर्मपिता. तो नॉर्वेत जहाजं रंगवतो, त्याने झकास सायकल आणली होती. सगळे सायकलभोवती जमले, आणि मिरेकचं तोंड कडू झालं.

कोंबडीचं सूप वाढत होते, तेवढ्यात तो उठून बाहेर गेला. परत आला तो चार जाड चाकांची मोटरसायकल ढकलत. हँडलला लाल रिबन.

"बाप अजून जिवंत आहे म्हटलं!" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "आणि हप्तेबिप्ते नाहीत हं. रोख!"

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, पण माझ्या डोक्यात भागाकार सुरू झाला होता. ही गाडी भागिले महिन्याची पोटगी. उत्तर बरंच मोठं येत होतं.

झानेताने चमचा खाली ठेवला. "पैसे कुठून आले?"

"आईने दिले."

सगळ्या माना गेनोवेफाबाईंकडे वळल्या. मिरेकची आई, रेल्वेवाल्याची विधवा, पेन्शनवर जगणारी, डोक्यावर वर्षातून दोनदाच कपाटाबाहेर निघणारी टोपी.

"मी दिले?" त्या म्हणाल्या.

मिरेक वाकून पुटपुटला, "आई, नुसतं हो म्हण."

बाईंनी नॅपकिनने ओठ टिपले. "काल संध्याकाळी मी गुडघे टेकून कबुली दिली. आज सकाळी प्रसाद घेतला. आणि सूप संपायच्या आत तू मला खोटं बोलायला लावतोस?"

"आई, पोरीचा दिवस आहे. तमाशा नको."

"तमाशा तूच ढकलत आणलास, रिबन बांधून. व्हॅन कुणाची आहे?"

"तुझी. म्हणजे, कागदावर."

"यंत्र?"

"आई, अगं…"

"मग उद्या दोन्ही विकते. तो हेनिक टाइलवाला केव्हाचा मागे लागलाय."

"आणि मी काम कशावर करू? सहा बाथरूम अंगावर घेतलीत मी!"

मग राडेकने अगदी काळजीने विचारलं, "भावजी, पाठ कशी आहे आता?"

वाढप्यासकट सगळे हसले.

सोमवारी बाईंनी व्हॅन आणि यंत्र विकलं आणि सगळी थकबाकी वसुली अधिकाऱ्याकडे भरली. विक्री रद्द करता येते का बघायला मिरेक वकिलाकडे धावला. वकिलाने कागद पाहिले, आईची मालकी इतकी पक्की केल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं आणि सल्ल्याची फी घेतली. लोक विचारत, म्हातारीने हे लेकासाठी केलं की नातीसाठी? मी म्हणते, एका विक्रीत दोघांची सुटका झाली. इतका चोख सौदा गावात दुसऱ्या कुणाला जमला नसता.

पैसे हातात आले तशी झानेता घरमालकाकडे गेली आणि भाडं चुकतं करून आली. संध्याकाळी मिरेक जिना चढून आला. आमच्या जिन्यात आवाज घुमतो, ऐकायला मला कान द्यावे लागत नाहीत.

"सगळं फिटलं. आता तक्रार मागे घे."

"शिक्षा टळली ना? मग मागे काय घ्यायचं राहिलं? पुढचा महिना एक तारखेला सुरू होतो."

"गाडी नाही, यंत्र नाही. कमवू कुठून?"

"हेनिकला माणूस हवाय. पगारपत्रकावर, बँकेतून पगार. मी तुझं नाव सांगून ठेवलंय."

मग मिरेकचा आवाज आला, "काय देतो तो?"

"पोटगी कापून उरेल ते," झानेता म्हणाली, आणि कोर्नेलियाला जेवायला हाक मारली.