सुखीबाईचा फेटिया आणि सिनेमातलं लग्न

मी एक जुना फेटिया आहे. मित्रांनो, हा शब्द तुमच्यापैकी पुष्कळांना नवा असेल. बंजारा बायका जो घेरदार घागरा घालतात, त्याला फेटिया म्हणतात. दारव्ह्याजवळच्या एका तांड्यात, सुखीबाईच्या पत्र्याच्या पेटीत माझा मुक्काम असतो. माझा लाल रंग आता विटला आहे, काही आरसे गळून पडले आहेत. पण मी एका सिनेमात काम केले आहे, आणि ते तुम्हाला सांगायला मी इतका उतावीळ झालो आहे की माझ्या कवड्या आत्ताही एकमेकींवर आपटत आहेत.

माझा जन्म एका उन्हाळ्यात सुरू झाला आणि पुढच्या कितीतरी उन्हाळ्यांत पुरा झाला. सुखीबाई तेव्हा लहान मुलगी होती. दुपारी शेताची कामे नसली की ती तिच्या याडीजवळ, म्हणजे आईजवळ बसायची आणि दोघी मिळून माझ्यावर कशिदा काढायच्या. आरसे लावले, कवड्या लावल्या, जुनी नाणी भोके पाडून टाचली. खाली घेर नीट पडावा म्हणून शिशाचे मणी ओवले. त्यामुळे मी फार वजनदार झालो. मला उचलताना पाहुणी बाई “बाप्पा!” म्हणायची आणि मी फुलून जायचो.

सुखीबाईच्या लग्नात मी पहिल्यांदा बाहेर पडलो. आमच्याकडे सासरी निघालेली मुलगी सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि ढावलो गाते. ढावलो म्हणजे माहेर सोडताना रडत रडत गायचे गाणे. आईच्या, काकूच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून, एकेकीचे नाव घेऊन ते गायचे असते. त्या दिवशी सुखीबाईचे किती अश्रू माझ्यावर पडले! पुढे मी तिच्याबरोबर कापूस वेचला, विहिरीवरून पाणी आणले, होळीला फेर धरला. दुसऱ्या तांड्यातल्या बाया माझा टाका बोटांनी चाचपून बघायच्या.

मग एक वाईट दिवस आला. सुखीबाई दारव्ह्याच्या बाजाराला जीपमध्ये बसून चालली होती. सिनेमातली बंजारन तुम्ही पाहिली असेल. ती दरोडेखोरांच्या अड्ड्यावर आरशांचा घागरा गरगर फिरवत नाचते आणि डोळे मोडते. जीपमधल्या काही पोरांनी मला पाहिले आणि तसलेच एक गाणे म्हणायला सुरुवात केली. एकाने तर “मावशी, एक गिरकी होऊन जाऊ द्या,” असे म्हटले. पुढच्या बाजाराला सुखीबाई पातळ नेसून गेली. मला कडुनिंबाच्या पाल्यात घडी घालून पेटीत ठेवले, आणि वर कुलूप लागले.

पेटीत दिसत काही नाही, ऐकू मात्र येते. कापसाला भाव नव्हता आणि शेतकरी जीव देत होते, ती ही वर्षे. आमच्या जिल्ह्यात टीव्हीवाल्यांच्या गाड्या उठसूट यायच्या. बायांना भिंतीशी बसवायचे, डोक्यावर पदर घ्यायला लावायचे, आणि जरा उदास बघा म्हणायचे. सुखीबाई वैतागून घरात निघून यायची. तिचा नवरा खेमसिंग सांगायचा, की या लोकांना आपला तांडा एकतर नाचताना पाहिजे नाहीतर रडताना. आपण जेवतो, भांडतो, पोरे शाळेत घालतो, ते कोणालाच पाहायचे नाही.

आणि एके दिवशी तांड्यात एकदम गलका झाला. सिनेमावाले आले होते! टीव्हीवाले नव्हे, खरे सिनेमावाले. दिग्दर्शिका विजयमाला ही आपल्या कळंबची मुलगी, तिला एका बंजारा मुलीची गोष्ट सांगायची होती. सुखीबाईची नात अपेक्षा धावत घरात आली. ती दारव्ह्याला कॉलेजात शिकत होती आणि पंजाबी ड्रेस घालायची. सिनेमाच्या व्यवस्थापकाने नागपूरहून भाड्याचे झगमगीत घागरे आणले आहेत, आणि तांड्यातल्या सगळ्या पोरींना ते घालायला मिळणार आहेत, अशी बातमी तिने आणली. पेटीत माझा जीव वरखाली व्हायला लागला. प्लास्टिकच्या आरशांचे घागरे सिनेमात जाणार आणि मी इथे पाल्यात पडून राहणार?

पण माझे नशीब उघडायचे होते. सिनेमातल्या नवरीचे काम करणारी दीपा यवतमाळची होती. ढावलोची चाल शिकायला ती दुपारी सुखीबाईच्या ओट्यावर येऊन बसू लागली. अपेक्षाला राहवले नाही. तिने आजीच्या कमरेची किल्ली काढली, पेटी उघडली आणि मला दीपाच्या मांडीवर ठेवले. दीपाने माझ्यावरून हात फिरवला आणि ती कितीतरी वेळ माझ्याकडे पाहतच राहिली. संध्याकाळी विजयमाला स्वतः विचारायला आली. लग्नाच्या प्रसंगात दीपाने हा घातला तर चालेल का?

सुखीबाई आधी नाहीच म्हणाली. नवरीच्या निरोपाच्या वेळी नाच बसवला आहे, हे तिला कळले होते, आणि जीपमधली ती गिरकी ती विसरली नव्हती. पण मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकले.

“घाल बाई, घाल,” ती दीपाला म्हणाली. “अन् मंग नाचून पाह्य.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आख्खा तांडा चित्रीकरणासाठी बांधलेल्या दोरीच्या मागे उभा होता. घरांवरच्या टीव्हीच्या छत्र्या पोत्यांनी झाकल्या होत्या. व्यवस्थापकाला तांडा जुना दिसायला हवा होता. साध्या पातळातल्या बायांनी कॅमेऱ्याच्या चौकटीत यायचे नाही, अशी त्याने ताकीद दिली होती. खेमसिंगचा बैल झूल घालून तयार होता. मी दीपाच्या कमरेला होतो आणि माझी सगळी नाणी आनंदाने वाजत होती.

नाच शिकवणाऱ्याने टेप लावला. दीपाने गिरकी घेतली. मित्रांनो, मी मुद्दाम काही केले नाही, शपथेवर सांगतो. पण माझे वजन ते वजन! ती फिरली, मी अर्ध्यातच राहिलो, तिच्या पायांत गुंडाळलो गेलो आणि ती मातीत बसली. तांडा हसला, तीही हसली. दुसऱ्यांदा तेच झाले. नाच शिकवणारा म्हणाला की हे काढा, भाड्याचा हलका घागरा आणा.

दीपा उठली. ती माझी कंबर घट्ट धरून विजयमालाला म्हणाली, “ताई, हे घालून नाचनं नाही होत. रडनं होईन.”

विजयमालाने टेप बंद करायला सांगितला.

दीपा बैलाच्या पाठीवर चढली. खेमसिंगने दावे धरले. तिने ढावलो सुरू केला, पण दोन ओळींनंतर शब्द विसरली. आणि दोरीच्या मागून पुढची ओळ आली. सुखीबाई गात होती. गात गात ती दोरी ओलांडून, साध्या पातळातच, थेट बैलापाशी गेली. दीपा घसरून खाली उतरली आणि तिच्या गळ्यात पडली. मला शिवणारी आणि मला नेसलेली, अशा दोघींच्या मध्ये मी दाबला गेलो. मग एकेक बाई पुढे आली. कोणी पातळात, कोणी गाऊनवर टॉवेल घेऊन, अपेक्षा पंजाबी ड्रेसात. मुलगी निघाली की असेच करायचे असते, त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. धक्काबुक्कीत एका छतावरचे पोते खाली पडले आणि छत्री उघडी पडली. व्यवस्थापक हात हलवत होता. विजयमालाने त्याचा हात धरून खाली केला. कॅमेरा चालूच राहिला.

नंतर व्यवस्थापकाने आग्रह धरला की हे सगळे पुन्हा चित्रित करा, पातळातल्या बाया नकोत. विजयमालाने सुखीबाईला विचारले. सुखीबाई डोळे पुसत म्हणाली, “पोरगी एकदाच जाते. दुसऱ्यांदा कोन रडते?”

ते दृश्य तसेच राहिले.

हिवाळ्यात सिनेमा तयार झाला आणि सेवालाल महाराजांच्या देवळापुढे पांढऱ्या पडद्यावर दाखवला गेला. सुखीबाईने मला मांडीवर घेतले होते, म्हणून मीही पाहिला. त्यात चुका पुष्कळ होत्या. तांड्याचा नायक, म्हणजे मुखिया, उगीच तलवार घेऊन फिरत होता. पेरणीच्या दिवसांत झाडाला कापूस फुटला होता. लोक पोट धरून हसले. पण ढावलो सुरू झाला आणि कोणी हसले नाही. अपेक्षा पडद्यावर स्वतःला पंजाबी ड्रेसात पाहत होती. शेजारच्या तांड्यातून आलेली एक म्हातारी म्हणाली की हे मात्र खरे आहे.

मित्रांनो, मला तेव्हा जरा अवघडल्यासारखे झाले. कारण खरी गोष्ट वेगळी होती. आमच्या तांड्यात कित्येक वर्षांत एकाही नवरीने ढावलो गायला नव्हता. नवरी डीजेच्या आवाजात गाडीत बसून जायची. म्हणजे आमच्या सिनेमातली सगळ्यात खरी गोष्टच आता खरी उरली नव्हती.

पुढच्या वैशाखात अपेक्षाचे लग्न झाले. वरातीत बँड होता, पोरे नाचत होती. निघायच्या वेळी अपेक्षाने बँडवाल्यांना थांबवायला सांगितले आणि आजीकडे किल्ली मागितली. तिने मला साडीवरूनच नेसले आणि ती खेमसिंगच्या बैलावर चढली. अर्धा ढावलो तिने आमच्या गोरबोलीत गायला, आठवेना तिथे सरळ मराठीत. कॅमेरा कुठेच नव्हता. खेमसिंग दावे धरून उभा होता आणि त्याने तोंड दुसरीकडे फिरवले होते. माझ्यावर पुन्हा अश्रू पडत होते, गरम, एकामागून एक. मी इतका आनंदात कधीच नव्हतो.

आता मी परत पेटीत आहे, पण पेटीला कुलूप नाही. तुम्हाला एवढेच सांगतो. सिनेमात कुठल्या लोकांना पाहिलेत तर खुशाल टाळ्या वाजवा. पण कधीतरी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा आणि तुम्ही कसे राहता ते विचारा. आणि कोणी प्रेमाने पेटी उघडून माझ्यासारखे काही तुमच्या मांडीवर ठेवलेच, तर आधी हात तेवढे पुसून घ्या.