चिरला, पण सांडला नाही

मित्रांनो, मी एक जुना नमुना आहे, मधोमध चिरलेला. सोलापुरात महेश्वरी मॅडम नावाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या टेबलाच्या खणात माझं घर. एखाद्या बाईला छातीत वाईट गाठ झाली, की जीव वाचवायला कधीकधी ती बाजूच कापून काढावी लागते. मग त्या सपाट जागी, कातडीखाली, सिलिकॉनची एक उशी बसवता येते. कुठली बसवायची ते बाईला हातात घेऊन ठरवता यावं, यासाठी मी. कुणाच्या अंगात बसणं माझ्या नशिबी नाही.

माझा जन्मही सुखाचा नव्हता. साच्यावर माझी कातडी चढवली, भट्टीत भाजली, आत घट्ट जेल भरला. माझ्या भावंडांना यंत्रानं फाटेपर्यंत ओढलं, फुटेपर्यंत दाबलं. ती गेली तेव्हा कुठे बाकीच्यांवर भरवसा बसला. मला वाटलं, संपला मार. वेडाच होतो मी.

खणात आम्ही तिघं. एक मिठाच्या पाण्याचा. तो फुटला तर लगेच कळतं आणि पाणी अंगात जिरून जातं, असं मॅडम सांगायच्या. दुसरा गोल, मऊ जेलचा, सगळ्यांत मोठा. तो आतल्या आत फाटला तर पत्ता लागत नाही, अधूनमधून तपासण्या करत राहाव्या लागतात. तिसरा मी, लहान, थेंबाच्या आकाराचा, जरा कडक. मलाही तपासण्या चुकत नाहीत, आणि मी आत फिरलो तर आकार वाकडा दिसतो. कुणी बाई मला दाबून हसायची, कुणी पदराआड छातीशी धरून बघायची.

एके दिवशी गौरम्मा आली. अक्कलकोट रोडला कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवणारी बाई. त्याच आजारात तिची डावी छाती काढावी लागली होती. सोबत नवरा शिवराज आणि सासू मल्लव्वा. मॅडमनी आम्हाला टेबलावर मांडलं.

मल्लव्वानं मला बोटानं टोचून पाहिलं. "अगं बया, ह्यो इडलीवानी हाय की! सांबार न्हाय का संगं?"

गौरम्मा पदरात हसली. शिवराज हसला नाही. त्यानं मोठा गोल उचलला. "हाच बसवा."

"गौरम्मांना विचारते मी," मॅडम म्हणाल्या.

"तिला काय इचारायचं? बायको माजी हाय. बघनार मी हाय."

शिवराजनं गौरम्माचं मनगट पिरगाळून धरलं होतं. मॅडमच्या ते ध्यानात आलं असावं. "घाई नको," त्या म्हणाल्या, "घरी न्या, ब्लाऊजात ठेवून बघा, मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ करून गौरम्मा पूजेला बसली. त्या घरच्या माणसांचा देव गळ्यात असतो. चांदीच्या डबीत इष्टलिंग, दोऱ्याला बांधून छातीवर सोडलेलं. पूजेला ते डाव्या तळहातावर घ्यायचं. तो तळहात म्हणजेच त्यांचं देऊळ. ऑपरेशन झाल्यापासून डबी हाडावर आपटायची, व्रणावर घासायची. देवाला नीट जागा राहिली नाही, हे तिच्या मनाला फार लागलं होतं. म्हणून तिनं आम्हाला एकेक करून ब्लाऊजात घातलं आणि वर डबी सोडून पाहिली. मोठ्या गोलावरून ती काखेकडे घसरली. पाण्याचा जपाच्या मध्येच गुळगुळ वाजला.

"ह्यो बी जप करतुय की गं!" मल्लव्वा म्हणाली.

माझ्या उतारावर मात्र डबी शांत टेकली.

"अत्ती, ह्योच," गौरम्मा सासूला म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

शिवराज दारातच उभा होता. "कुनासाटी बसवतीस गं? माज्यासाटी का त्या डबीसाटी?"

त्यानं तिला केसांना धरून भिंतीवर आपटलं. तिच्या भुवईतून रक्त आलं. टॉवेलच्या दशा कापायची मोठी कात्री कोनाड्यात होती, ती त्यानं उचलली. पाण्याचा एका वारात फुटला, पूजेच्या पाटावर पाणीच पाणी झालं. मोठा गोल फाटला आणि मऊ जेल बाहेर लोंबला. मग माझी पाळी. कात्री माझ्यातून आरपार गेली, पुन्हा गेली. मी चिरलो, पण सांडलो नाही. त्यामुळे शिवराज आणखीच पिसाळला.

"थांब, तुजी उजवी बी काडतो!" म्हणून तो गौरम्माच्या छातीवर धावला.

मल्लव्वा मध्ये पडली. तिनं कात्रीचं पातंच मुठीत धरलं. डावी मूठ होती ती. रक्ताची धार कोपरापर्यंत आली. तिनं मूठ उघडली आणि चिरलेला तळहात पोरासमोर धरला.

"शिवराज, आता लिंग कुटं ठिवू रे मी?"

कात्री खाली पडली.

दोघी बायका आधी पोलीस चौकीत गेल्या आणि मग मॅडमकडे आल्या. मल्लव्वाच्या तळहाताला टाके पडले. गौरम्माचा डोळा सुजून मिटला होता. तिनं मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, ह्योच बसवा."

मॅडम माझ्या चिरेकडे बघत राहिल्या. "गौरम्मा, मार सोसायला नाही हो बसवत आपण हे."

"मारासाटी न्हाय. माजा देव ह्याच्यावर नीट बसतुय."

"आन् मार संपला," मल्लव्वा म्हणाली. "घर माज्या नावावर हाय. त्याला भाईर काडला, कुलूप बी बदलाया सांगितलंय."

माझ्यासारखाच एक आता गौरम्माच्या अंगात आहे. मल्लव्वाचा तळहात धड सपाट होत नाही. पूजेच्या वेळी लिंग त्यावर कलंडतं, तेव्हा सून खालून आपला हात लावते.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, एवढं सांगायला माझ्या चिरेची गरज नव्हती. माझं मागणं थोडं मोठं आहे. अंग ज्याचं, त्याला आधी विचारा. नाही म्हटलं, तर हात मागे घ्या.

मॅडमनी मला फेकलं नाही. नवे नमुने आले तरी खणात मी आहेच. आता एखादी बाई आली, की सोबतच्या माणसांना त्या बाहेर बसवतात, दार लावून घेतात, आम्हाला टेबलावर मांडतात आणि फक्त तिलाच विचारतात, "तुम्हाला कुठला हवाय?"