हुकूम नसताना

मानवतला ईश्वरअप्पांच्या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा अर्धं गाव तो बघायला आलं आणि उरलेलं अर्धं न बघताच त्याच्याबद्दल सांगत सुटलं. आणला होता अप्पांच्या पुतण्यानं, वीरुपाक्षनं. प्रिंटरच्या जागी त्यानं तारा जोडल्या होत्या. इथं एक ओळ टाइप केली, की पलीकडच्या शेडमधल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची मोटर सुरू. अप्पांनी लगेच चार व्यापाऱ्यांना चहाला बोलावलं.

एक खोड तेवढी राहिली होती. मोटरीआधी त्यानं त्याच तारांवर बल्ब लावून पाहिला होता. कॉम्प्युटर चालू होताना, काही टाइप करायच्या आतच, बल्ब क्षणभर लागून विझायचा. हत्ती गेला, शेपटाचं काय घेऊन बसायचं, असं म्हणून त्यानं सोडून दिलं. शिकलेल्या माणसाच्या आळसाला कारणांचा तोटा नसतो.

व्यापारी चहाला टेकले आणि लाइट गेली. शेडमधल्या बायांना हे रोजचंच. लाइट गेली की जिन मेलं, हिरवं बटण दाबेपर्यंत उठत नाही. तेवढ्यात रुळांत अडकलेला कापूस ओढून घ्यायचा. तानुबाईनं कोपरापर्यंत हात आत घातला.

इकडे वीरुपाक्षला तो बल्ब आठवला. लाइट आली की कॉम्प्युटर आपोआप उठणार, तारा क्षणभर जिवंत होणार. बल्ब विझला होता, पण मोटरीच्या स्टार्टरनं एकदा धरलं की तो सोडत नाही. कपबशा लाथाडत तो शेडकडे धावला आणि शेडचा मेन खटका खाली ओढला. मागोमाग ऑफिसातले दिवे लागले.

अप्पा तणतणत आले. त्यानं सगळं सांगितलं, तर म्हणाले, एवढंच ना, बायांना हात घालू नका म्हणावं. मग वीरुपाक्षनं सगळ्यांना मागं सारलं, रुळांत कापसाच्या झाडाची एक वाळकी पऱ्हाटी खोचली, खटका वर केला आणि कारकुनाला कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करायला लावला. टाइप कुणी काहीच केलं नाही. पऱ्हाटीचा भुगा झाला.

त्यानं घाईघाईनं खटका पाडला. तानुबाई त्या भुग्याकडे बघत होती.

"धाकले मालक, तुमाला हे आदी म्हाईत व्हतं का?"

नाही म्हणाला असता तर सगळ्यांना पटलं असतं. अप्पांना तर तेच हवं होतं.

"दिसलं व्हतं," तो म्हणाला. "मी मनावर घेतलं न्हाई."

त्यानं तिथल्या तिथं तारा उपटून काढल्या. व्यापारी चपला शोधायला लागले. रुळांत तुकडे अडकलेले होतेच, पण एकही बाई पुढं झाली नाही.

"आता तुमी काढा," तानुबाई म्हणाली.

त्यानं बाही वर सारली. तारा तुटलेल्या, खटका खाली, कॉम्प्युटर बंद. हे सगळं त्यानंच केलं होतं, तरी त्याचा हात मनगटापुढं आत जाईना.